साक्षीदार

मुरबाडच्या कचेरीत निराधार म्हाताऱ्यांच्या पेन्शनचा अर्ज भरताना कारकुनानं विचारलं, "आजी, मुलगा आहे?"

एसटीत धनेशनं सारी वाट पढवलं होतं, 'नाय बोल गो आये.' पण नवसाचा पोर जिताजागता बाजूला उभा असताना भिमाबाईची जीभ उचलेना. "हाय की," ती बोलून गेली.

"मग कसल्या निराधार?" कारकुनानं अर्ज मागे सारला.

धनेशनं तो पुन्हा पुढे केला. "सायेब, म्हातारीला भरम झालाय. पोरगा कवाच मेला तिचा. मी शेजारी. साक्षीदार म्हणून माझंच नाव लिवा."

भिमाबाई चटकन वळली. धनेशच्या तोंडावरून दोन्ही हात उतरवून तिनं आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

"आई सटवाई," ती पुटपुटली, "माझ्या या शेजाऱ्याला शंभर वर्सं औक्ष दे."