मलमाची रेघ

प्रसूतिगृहातली सिस्टर मलमाची ट्यूब घेऊन आली, तशी नव्या आईने तासाभराच्या लेकीला घट्ट पोटाशी धरलं.

"डोळ्यांत काही घालू नका हो. आत्ता कुठे माझ्याकडे टक लावून बघतेय."

"जन्मताना आईच्या अंगातले जंतू बाळाच्या डोळ्यांत जाऊ शकतात. म्हणून सगळ्याच बाळांना लावतो."

"म्हणजे मला रोग आहे म्हणता?" ती भडकलीच. "मला काहीही झालेलं नाही!"

सिस्टर खाटेच्या कडेवर टेकली.

"माझ्या लेकीच्या वेळी मीही अगदी हेच म्हणाले होते. वर तोऱ्यात सांगितलं, मी स्वतः सिस्टर आहे, मला शिकवू नका. तिसऱ्या दिवशी तिच्या पापण्या सुजल्या, पू आला. आठवड्यात दोन्ही डोळे गेले."

नव्या आईने बाळ पुढे केलं. सिस्टरने इवलीशी पापणी हलकेच खाली ओढून मलमाची रेघ सोडली, मग दुसऱ्या डोळ्यात.

संध्याकाळी ती घरी पोचली, तेव्हा शेजारी नव्याने राहायला आलेल्या काकू तिच्या पंचविशीतल्या लेकीशी गप्पा मारत बसल्या होत्या. लेकीचा हसरा आवाज ऐकून सिस्टर दारातच थबकली.



"अहो काकू, वाईट कशाला वाटून घेता? मी जन्मतःच अशी आहे. आईनेच सांगितलंय मला, यात कुणाचीच चूक नव्हती."