सतरा नंबरचा डिटेक्टर

कणांचा झोत सुरू व्हायला वीस मिनिटं होती. रीक्का चोवीस डिटेक्टरांच्या मर्यादा गेल्या वर्षीच्या फाइलमधून उतरवून घेत होती. सगळीकडे शंभर. शंभराच्या खालचा सिग्नल म्हणजे कचरा, तो साठवायचाच नाही, असं संगणकाला बजावून ठेवायचं. सतरा नंबरला मात्र तीस निघाले.

चूक तिचीच. तेव्हा घाईत हा एक आकडा बदलायचा राहिला असणार. तिने सहज म्हणून सतराचा गेल्या वर्षीचा आलेख उघडला. गोंगाटाच्या उतारावर, एकसष्टपाशी, एक बारीक उंचवटा होता.

तिच्या हातातला वेलचीचा पाव तसाच राहिला.

एकसष्ट हा आकडा त्यांच्या गटातल्या म्हाताऱ्या तूरेचा. गेल्या मार्चमध्ये चाचणीच्या वेळी त्याला तिथे गॅमा किरणांची रेषा दिसली होती. मर्यादा खाली आणा, पुन्हा मोजू, म्हणून तो सगळ्यांच्या मागे लागला होता. भर बैठकीत रीक्का त्याला म्हणाली होती, "तळ्यावरच्या बर्फाला भोक पाडून दिवसभर बसतोस, तीच खोड इथे. मासा नाहीये रे तिथे." सगळे हसले. तूरेही हसला. पुन्हा त्याने विषय काढला नाही. शोधनिबंध त्या रेषेशिवाय छापून आला आणि ऑक्टोबरात तूरे वारला.

शिफ्टचा प्रमुख ऑस्करी तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. पडद्याकडे बघत त्याने विचारलं,

"एकट्या सतरावर काय ठरतं? बाकीचे तेवीस काय म्हणतात?"

"त्यांना मी बोलूच दिलं नाही."

चाळण तिनेच लावली होती, आणि पीठ सांडून कोंडा जपून ठेवला होता. सांडलेलं आता कुठेच मिळणार नव्हतं.

ऑस्करी मनाने वाईट नव्हता. त्याने हळूच सुचवलं, की सतराला 'खराब' अशी खूण करून टाकावी. जुनी फाइल उघडतंय कोण, आणि तूरेला तरी आता त्याचं काय? रीक्काला लाज वाटत होती, आणि भीतीही. तूरे मागे उभा आहे असं वाटून तिने दोनदा वळून पाहिलं.

मग तिने शिफ्टची वही ओढली. "तूरे बरोबर होता. मर्यादा मी लावली होती," असं लिहून खाली सही केली. फोन वाजला, झोत सोडायचा का, असं खालून विचारत होते. थांबा म्हणून सांगून ती एकेका डिटेक्टरला तीसचा आकडा टाकू लागली.

"अगं, आज झोतासमोर लावलेला पत्राच दुसऱ्या धातूचा आहे," ऑस्करी म्हणाला. "तूरेची रेषा यात येणारच नाही. नुसत्या कचऱ्याने डिस्क भरेल."

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि पुढच्या डिटेक्टरकडे वळली.