जेवणानंतर मोजायचं

"खोटं काहीच बोलायचं नाही," निरंजन सर म्हणाले. "फक्त मोजायचं ते जेवणानंतर."

विजयश्री त्यांच्या हाताखाली तपासणीचं काम करायची. चाकणच्या त्या कारखान्यातल्या तपासणीच्या बंद खोलीत ते दोघंच होते. काचेपलीकडे लाइन चालू होती. गाडीच्या ब्रेकचा दाब मोजणारे सेन्सर तिथे जुळवले जात. प्रत्येक सेन्सरच्या पोटात धातूचा एक पापुद्रा असे, केसाहून शेकडो पटींनी पातळ.

साधा पत्रा जास्त ओढला की लांबतो तो लांबतोच. या पापुद्र्याचे कण इतके बारीक, की तो ओढून सोडला तर आधी लांबलेला राहतो आणि मग कुणी हात न लावता हळूहळू मूळ मापावर येतो. ऊब दिली तर लवकर. विजयश्रीला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा तिने लाइनवरून धाकट्या भावाला, जयदीपला, बोलावून पडद्यावर दाखवलं होतं. "जित्ता हाय का काय ह्यो?" तो म्हणाला होता.

पण तो परत येईपर्यंत सेन्सर चुकतो. जोरात ब्रेक मारल्यावर पुढचे काही तास गाडीला खरा दाब कळत नाही. सरांना हे तिनेच सांगितलं होतं. "येतो ना परत? मग झालं," ते म्हणाले होते.

आज गाड्या बनवणाऱ्या कंपनीकडून मोनिका मॅडम तपासणीला येणार होत्या. त्यांनी होकार दिला तर नव्या गाडीचं काम मिळणार. नाही दिला तर लाइन बंद, आणि लाइनवर जयदीप. कारखान्याच्या जागेत त्यांचं शेत गेलं, त्या बदल्यात घरात दोन नोकऱ्या आल्या होत्या. एक त्याची, एक तिची.

मोनिका मॅडम आल्या, फार न बोलता कामाला लागल्या. विजयश्रीने त्यांच्यासमोर पापुद्रा यंत्रात धरून ओढला आणि सोडला. पडद्यावर त्याच्यावरच्या दोन खुणा दिसत होत्या. मॅडम वाकून बघणार तोच सर म्हणाले, "थोडा स्थिर होऊ द्या. तोवर जेवून घेऊ, गरम आहे तोवर."

दारातून मागे वळून ते हळूच म्हणाले, "खालची प्लेट चालू कर."

तिने पापुद्र्याखालची तापवायची प्लेट चालू केली. एकटीच पडद्यासमोर बसली. लांब गेलेल्या खुणा अगदी सावकाश जवळ येऊ लागल्या. एरवी ती हे बघत बसायची तेव्हा तिला किती बरं वाटायचं. आज तिचा हात प्लेट बंद करायच्या बटणाकडे गेला आणि परत आला. काचेपलीकडून जयदीपने भुवया उंचावून विचारलं, कसं काय? तिने पडद्याकडे तोंड फिरवलं.

मंडळी जेवून आली तेव्हा खुणा जागच्या जागी होत्या. मॅडमनी त्यांच्यातलं अंतर मोजलं, पुन्हा मोजलं.

"काहीच फरक नाही. छान," त्या म्हणाल्या. सरांकडे वळून पुढे म्हणाल्या, "मग पुढच्या आठवड्यात घाटात चाचणी घेऊ. पहिल्या फेरीला ड्रायव्हरशेजारी मीच बसते, दर वेळी."

"चला, वर चहा घेऊ," सर म्हणाले.

"मॅडम," विजयश्री म्हणाली. "मी परत ओढते. या वेळी लगेच मोजा."

"विजयश्री, त्यांना निघायचंय."

मोनिका मॅडमनी खांद्यावरची पर्स उतरवून टेबलावर ठेवली. "ओढा," त्या म्हणाल्या.

तिने ओढला, सोडला. खुणा लांबच राहिल्या. मॅडमनी लगेच अंतर मोजलं.

"आम्ही जेवत होतो तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"याला ऊब देत होते."

सर खोलीबाहेर निघून गेले. मॅडम गेल्यावर तिला जिन्यात भेटले आणि एवढंच म्हणाले, "उद्या गेटवर तुझं कार्ड चालेल की नाही, मला विचारू नकोस."

लाइन संध्याकाळच्या आतच थांबली. घरी जायला ती कंपनीच्या बसमध्ये चढली. रोज "ताई, बसा" म्हणणारी पोरं खिडकीबाहेर बघत राहिली. जयदीपने शेजारची जागा तिच्यासाठी धरली होती. ती बसली. बस चौकात कांद्याच्या ट्रकांमध्ये अडकली. पुढे वाट नव्हती, मागे नव्हती, आणि उतरायचं म्हटलं तरी दाराला ट्रक चिकटलेला होता.

तो नोकरीचं विचारेल म्हणून ती उत्तर जुळवत होती. घरी बापाला मी सांगते, हप्त्याभरात दुसरं काम बघू, असलं काहीतरी.

"ताई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "दिवाळीआधी आमी त्या दुसऱ्या कंपनीला माल भरून दिला. त्यात बी ह्योच पापुद्रा व्हता का?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या नखांत अजून लाइनवरचा डिंक होता.

"व्हय," ती म्हणाली.

"त्या गाड्या रस्त्यावर आल्यात?"

"आल्यात."

समोरच्या ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं.

"मग त्यांना बी सांग."

"आत्ता?"

"लाव की फोन," तो म्हणाला. "बस कुठं हलतीया."