पन्नासावा पक्षी

"काय दिसतंय?" कमलाकररावांनी विचारलं.

विनीताने दुर्बीण डोळ्यांना लावली. समोर भेगाळलेला चिखल, मधोमध ओहोळाएवढं पाणी, त्यात एक प्लास्टिकची बाटली.

"राखी बगळा," ती म्हणाली. "एका पायावर उभाय."

"लिही. एकेचाळीस."

२०१४ चा फेब्रुवारी संपत आला होता. सिंगापुरात महिनाभर थेंब पडला नव्हता. पुंगोलमधल्या फ्लॅटमागची नदी आटली, तसे पक्षीही पांगले. सासऱ्यांचा हट्ट तेवढा आटला नाही. परत जायच्या आत पन्नास जातींचे पक्षी बघून व्हायलाच हवेत, नाहीतर पुण्याच्या मित्रमंडळात तोंड कसं दाखवणार? त्यातून मोतीबिंदू पिकलेला, दहा पावलांपलीकडे सगळं धुकं. तेव्हा बघायचं विनीताने आणि मोजायचं त्यांनी.

त्यांचं तिकीट खरं तर बाळासाठी काढलेलं. डिसेंबरात, सातव्या महिन्यात, बाळ पोटातच गेलं. तिकीट राहिलं. ठरल्या तारखेला कमलाकरराव आले, तेव्हा बॅगेत डिंकाच्या लाडवांच्या जागी दुर्बीण होती. तिच्या नवऱ्याला, कुशलला, ऑफिस होतं. विनीता रजेवर, पडदे ओढून खोलीत. धड न दिसणाऱ्या माणसाला नदीवर एकटं कसं सोडणार? ती कुरकुरत चपला घालून निघाली.

अडतीसपर्यंत सगळे पक्षी खरे होते. मग चार दिवस काहीच नाही. कमलाकररावांनी चहा अर्धा टाकला, तेव्हा तिला राहवेना. एकोणचाळिसावा पक्षी तिने चक्क थाप मारून दिला. थापा पटायला हव्यात म्हणून दुपारी एकटीच एमआरटी मेट्रोने जाऊन लायब्ररीतून पुस्तक आणलं. रंग, चोच, शेपटी पाठ केली. सकाळी आता तीच आधी तयार होऊन दाराशी उभी राहायची.

एकदा शेजारचे म्हातारे चिनी काका त्यांना बघून थांबले. "अंकल, नो वॉटर, नो बर्ड लाह!"

विनीताने घाईघाईने त्यांना हात हलवला.

"काय म्हणाला गं?"

"गुड मॉर्निंग म्हणाले, बाबा."

"कानही गेले बघ माझे," कमलाकरराव म्हणाले.

शेवटच्या सकाळी तिने राखून ठेवलेला पक्षी काढला. "हळद्या! पिवळाधमक. डोळ्यांवरून काळी पट्टी. त्या झाडाच्या शेंड्यावर."

त्यांनी बराच वेळ तिकडे तोंड करून ठेवलं.

"छान आहे," ते म्हणाले. "लिही. पन्नास."

विनीता खळखळून हसली. आपण किती दिवसांनी हसलो, हे तिचं तिलाच कळलं नाही.

चांगी विमानतळावर निरोप देताना तिला भरून आलं. सोमवारपासून ती कामावर जाणार होती, पण एक गोष्ट मनाला खात होती. इतक्या भाबड्या माणसाला आपण फसवलं.

"पुण्याला गेल्या गेल्या ऑपरेशन करून घ्या, बाबा," ती वाकून नमस्कार करत म्हणाली.

"बघू," ते म्हणाले आणि ट्रॉली ढकलत निघाले.

चार पावलांवर एका आजीबाईंनी त्यांना अडवलं. "भाईसाब, मुंबई का गेट कौनसा?"

कुशल एकदम खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला. कमलाकररावांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि हॉलच्या पार त्या टोकाला लटकलेल्या बोर्डाकडे नजर टाकली.

"सी बाईस, बहनजी. नौ चालीस का टाइम था, अब दस पाँच लिखा है."