आवडतं सॉफ्टवेअर

लिनक्स ही फुकट, खुली संगणकप्रणाली वापरणाऱ्यांचा कंपू या वेळी तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या घरी जमला होता. सोफ्यावर, जमिनीवर, जागा मिळेल तिथे लॅपटॉप उघडले होते आणि आवडतं सॉफ्टवेअर कोणतं, यावर हमरीतुमरी चालली होती. कंपूतल्या दंतवैद्याचा जीव फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरवर होता, तर गणिताच्या बाई बुद्धिबळाच्या गेमवरून तसूभर हटायला तयार नव्हत्या.

"काय हवं ते खेळा, पण लिनक्सवरच खेळा," तिचा नवरा साळसूदपणे म्हणाला. "बाकीच्या कंपन्या आपल्या घरात डोकावतात हो! माणसाचं खाजगी असं काही उरलंच नाही. इथे कशी, कुणाची पाळत नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ती चहाचे कप ठेवत होती. सकाळपासून त्याचा आवाजसुद्धा तिला नकोसा झाला होता.

"वहिनी, तुमचं आवडतं काय?" दंतवैद्याने विचारलं.

"तिला काय विचारता?" नवरा हसला. "तिच्या कॉम्प्युटरवर सगळं मीच घालून दिलंय."

तिने ट्रे खाली ठेवला आणि दिवसभरात पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं.



"हो ना. मी बहिणीला काय काय लिहिते, ते ज्यातून यांना गुपचूप वाचता येतं, ते सॉफ्टवेअरही यांनीच घातलंय. आज सकाळी सापडलं मला. यांचं सगळ्यात आवडतं तेच असणार, रोज न चुकता वापरतात."