ज्या आवाजाला मार्लीन धावत यायची

“हा नव्हे,” वरच्या खिडकीतून मार्लीन ओरडली. “हा फारच सभ्य आहे!”

रोलंडने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. गाडीखालून त्याच्या मित्राचे, व्हर्नचे, फक्त बूट दिसत होते. ते बूटही वैतागल्यासारखे वाटले.

गाडी अडुसष्ट सालची पॉन्टियॅक. रोलंडने तरुणपणी अशीच एक घेतली होती आणि मुलं झाल्यावर विकली होती. म्हातारपणी तिची ही गंजलेली बहीण शोधून आणली. रंग झाला, गाद्या झाल्या, इंजिन झालं. आता घोडं अडलं होतं ते आवाजापाशी. उद्या त्याच्या आणि मार्लीनच्या लग्नाला पन्नास वर्षं पुरी होत होती. चर्चच्या हॉलमध्ये जेवण होतं आणि मार्लीनला तिथे याच गाडीतून, त्याच जुन्या आवाजात न्यायचं, असं रोलंडने मनाशी पक्कं केलं होतं. लग्नाआधीच्या त्या उन्हाळ्यात जो आवाज ऐकून ती वडिलांच्या घराचा जिना धडधडत उतरायची, तो आवाज. खरं तर त्याला आवाजाचं एवढं नव्हतं. तिला पुन्हा एकदा तशी धावत आलेली पाहायचं होतं.

पंचाईत अशी की पत्रे ठोकणाऱ्या कारखान्यात रोलंडचे स्वतःचे कान निम्मे गेले होते. म्हणून पारख मार्लीनकडे. त्याने तिला वर खुर्चीत बसवलं आणि बजावलं, “कुठल्या आवाजाला तू धावत यायचीस, तेवढं फक्त सांग. बाकी आम्ही बघतो.”

पहिल्यांदा त्यांनी नव्या गाडीबरोबर कंपनीतून येतात तसलेच मॅनिफोल्ड लावले. इंजिनाचा धूर गोळा करून नळीत सोडणारे हे ओतीव लोखंडाचे ठोकळे रोलंडने भंगारवाले पालथे घालून मिळवले होते. त्यांना सव्वादोन इंची नळ्या. आपल्या जुन्या गाडीला हेच होते, याची त्याला खात्री होती. पण मार्लीन नाही म्हणाली म्हणजे नाही. सत्तरीनंतर स्वतःच्या आठवणीवर कोण पैज लावतो?

मग ओतीव ठोकळे उतरले आणि त्यांच्या जागी लांब, वळणदार पोलादी नळ्यांचे हेडर चढले. मागे तीन इंची नळ्या. इंजिन सुरू होताच शेजारचा कुत्रा कुंपणापासून थेट घरात पळाला.

“अरे देवा, हा तर ट्रक आला!” मार्लीन कानांवर हात ठेवून हसत होती. “पण खरखर हीच हं. अजून थोडा बारीक करा. आणि जरा घसा बसल्यासारखा!”

“घसा बसल्यासारखा,” रोलंड पुटपुटला. “गाडीला आता सर्दी कुठून आणू?”

व्हर्न गाडीखालून सरकत बाहेर आला. हात पुसत त्याने वरच्या खिडकीकडे पाहिलं.

“एक सुचतंय,” तो म्हणाला. “करून बघू?”

“विचारतोस काय? कर!”

हेडर तेच ठेवले. मागे अडीच इंची नळ्या टाकल्या आणि दोन नळ्यांना मधे जोडणारी आडवी नळी व्हर्नने काढून टाकली. कुठेही न अडखळता, न मोजता त्याचे हात चालत होते. रोलंडने किल्ली फिरवली.

अंगण थरथरलं. घोगरा, गुळण्या केल्यासारखा, कमालीचा उर्मट आवाज. वर खिडकीत खुर्ची कलंडली.

“हाच! हाच तो!” मार्लीन किंचाळली, आणि जिन्यावर पावलं धडधडू लागली.

रोलंड इंजिन चालूच ठेवून घाईने उतरला. उरलेसुरले केस त्याने बसवले आणि पुढच्या दाराकडे तोंड करून उभा राहिला. त्याला इतका आनंद झाला होता की रडू येईल असं वाटत होतं.

“रोली,” शेजारी येऊन, त्याच्याकडे न बघता व्हर्न त्याच्या कानाशी म्हणाला, “ही जोडणी माझ्या गाडीची होती. त्या उन्हाळ्यातली.”

रोलंडचा हात केसांवरच थांबला.

तेव्हा गावात तशा दोनच गाड्या होत्या आणि दोन्ही मार्लीनच्या घराभोवती फिरायच्या. व्हर्न राजरोस पुढच्या दारी यायचा. मार्लीनच्या वडिलांना इंजिन दिसलं की जेवणाचीही शुद्ध राहायची नाही. ते स्वतः बाहेर येऊन त्याच्या गाडीचं बॉनेट उघडायचे. रोलंड मात्र म्हाताऱ्याच्या डोळ्यांत सलायचा. तो मागच्या गल्लीत गाडी लावून बसायचा. मार्लीनने शेवटी त्यालाच पसंत केलं, लग्नात अंगठी सांभाळत व्हर्नच शेजारी उभा राहिला, आणि तो विषय पुन्हा कुणी काढला नाही.

म्हणजे ती धावायची ती व्हर्नच्या गाडीला? रोलंडने केसांवरचा हात खाली घेतला. त्याने व्हर्नकडे पाहिलं. व्हर्नचे कान लाल झाले होते, आणि खोटं कशाला बोला, त्याने नकळत कॉलरही नीट केली.

दोघे म्हातारे पुढच्या दाराकडे बघत राहिले. दार काही उघडेना. गाडी आपली घुरघुरत होती.

मग घराच्या मागून रोलंडलाही ऐकू जाईल अशी खणखणीत हाक आली. तिच्यात धाप होती आणि हसू मावत नव्हतं.

“रोली! अरे, तिकडे पुढे काय करतोयस? व्हर्नची गाडी वाजली की बाबा पुढच्या दारी, आणि मी मागच्या दाराने तुझ्याकडे!”