मधाची बाटली

मुलीच्या बापानं पाहुण्यांची दारू घेतली की लग्न ठरलं, अशी पाड्याची रीत. म्हणून जिवलीला नर्सिंगला पाठवायचं मनात आल्यापासून धाकलू दारूला शिवला नव्हता. दोन स्थळं भरलेल्या बाटल्या घेऊन आल्या वाटेनं परत गेली होती.

आज राघो आला होता, आपल्या मुलासाठी जिवलीला मागायला. मुरबाडकडच्या एका फार्महाऊसवर तो राखण करायचा. जेवणं झाल्यावर त्यानं पिशवीतून मधमाशीचं चित्र असलेली बाटली काढली.

"मी दारू नाय घेत," धाकलू म्हणाला.

"दारू कुठं? मध हाय मध. शेट लोक जेवणावर गोड म्हणून घेतात. वास तर घे."

वास मधाचाच होता. धाकलूनं घोट जिभेवर धरला, डोळे मिटले.

"आपल्या रानातला नाय हा. कुठल्या लांबच्या फुलांचा हाय," तो म्हणाला. "ग्वाड हाय, पन मागून घशात झोंबतो." आणि त्यानं रिकामा ग्लास पुढं केला.

कुडाआड उभ्या जिवलीला हसू आलं. बाबाला इतकं खुशीत तिनं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

राघोनं ग्लास पुन्हा भरला. मग धाकलूच्या वाडवडिलांची नावं घेत त्यानं बाटलीतली थोडी धार जमिनीवर सोडली.

वाडवडिलांना धार सोडतात ती दारूचीच.

अंगणात जमलेल्या पाड्यातल्या बायकांनी लग्नाचं गाणं उचललं. पहिल्याच ओळीत जिवलीचं नाव होतं.